भिंती नंतर, पलंग आधी

वाचकांचे प्रश्न: नवीन घराचा प्लॅन

घर बांधायला काढलंय आणि हातात प्लॅनचा कागद आलाय, अशा वाचकांची पत्रं या वेळी बरीच आली. निम्म्या पत्रांत तेच ते प्रश्न आहेत त्यामुळे थोडी निवडून घेतलीयेत. मापं फूट-इंचातच दिलीयेत, मीटरमध्ये कुणी विचारलं नाही.

प्रश्न: नमस्कार. घरात आम्ही सहा जण, आम्ही दोघं, दोन मुलं आणि माझे आई-बाबा. सगळं एकाच मजल्यावर बांधायचंय. आर्किटेक्टने पहिला प्लॅन पाठवलाय, त्यात चार बेडरूम, सगळ्या दहा बाय दहा आणि सगळ्यांना अटॅच्ड टॉयलेट. घरचे खूश आहेत कारण प्रत्येकाला आपापली खोली मिळाली, पण मला हॉल फार बारका वाटतोय आणि अजून काहीतरी खटकतंय, नक्की काय ते सांगता येत नाहीये. प्लॅन वाचायचा कसा?

खटकतंय ते बरोबरच खटकतंय. प्लॅनवर लिहिलेली खोल्यांची नावं आधी विसरा, "मास्टर बेडरूम" लिहिलं म्हणून खोली मोठी होत नाही. त्या कागदाची झेरॉक्स काढा, पेन्सिल आणि पट्टी घ्या आणि त्याच स्केलमध्ये तुमचं फर्निचर काढायला बसा, भिंतीकडे बघूच नका, पलंग आधी काढा.

दहा बाय दहाचंच बघू. डबल बेड सहा फूट रुंद आणि साधारण साडेसहा फूट लांब, हेडबोर्ड जाडजूड असेल तर अजून चार-पाच इंच. कपाट दोन फूट खोल. बेडच्या पायथ्याशी कपाट आलं की साडेसहा आणि दोन, साडेआठ फूट गेले, उरला दीड फूट. आता कपाटाचा एक पल्ला दीड फुटाचा असतो, तो उघडला की तुम्ही उभं राहणार कुठे, बेडवर? आणि हे दहा फूट जर विटेपासून विटेपर्यंतचे असतील तर दोन्ही बाजूंच्या प्लास्टरमध्ये एक-दीड इंच अजून जाणार, हे आर्किटेक्टला स्पष्ट विचारा, माप फिनिश झाल्यावरचं आहे का त्याआधीचं. हीच खोली दहा बाय बारा केली तर कपाटासमोर साडेतीन फूट मिळतात आणि खोली एकदम माणसात येते.

मग हे दोन फूट आणायचे कुठून? तुमच्या चार टॉयलेटमधून. पाच बाय आठचं एक धरलं तर चाळीस चौरस फूट, चारांचे एकशे साठ. सहा माणसांना चार टॉयलेट लागतात का हा प्रश्न घरात एकदा शांतपणे विचारा. दोन कमी केले तर ऐंशी फूट सुटतात आणि चार खोल्या प्रत्येकी दोन फुटांनी वाढवायला बरोबर ऐंशीच लागतात. प्रत्यक्षात इतकं नेमकं बसत नाही, कोपरे आडवे येतात, पण जागा कुठे अडकलीय ते कळतं. एक अटॅच्ड आई-बाबांना द्या, एक कॉमन असं ठेवा की पाहुण्यांना कुणाच्या बेडरूमसमोरून जावं लागणार नाही, आणि घासाघीस फारच झाली तर कॉमनमध्येच बेसिन बाहेर, अंघोळ वेगळी, संडास वेगळा असे तीन भाग करा, सकाळी एका वेळी तिघांचं काम होतं.

आता हॉल. तुम्ही प्लॅनचा फोटो पाठवला होता म्हणून सांगतोय, हॉल बारका नाहीये हो, तो दारांनी खाल्लाय. मेन दार, किचनचं दार आणि तीन बेडरूमची दारं त्यात उघडतायत. दोन दारांच्या मध्ये उरलेला तीन-चार फुटांचा तुकडा म्हणजे भिंत नव्हे, तिथे सोफा बसत नाही आणि टीव्हीही नाही. लाल पेनाने एका दारातून दुसऱ्या दारात जाणाऱ्या रेषा काढा, रोज जसे चालता तशा, म्हणजे आई सकाळी उठून किचनमध्ये, मुलं बाथरूममध्ये, तुम्ही दप्तरं घेऊन मेन दाराकडे. सगळ्या रेषा हॉलच्या मधोमध एकमेकींना कापत असतील तर तो हॉल नाही, चौक आहे. यावर उपाय म्हणजे बेडरूमची दारं एका छोट्या पॅसेजमध्ये ओढायची. पॅसेज म्हटलं की लोकांना जागा वाया गेल्यासारखी वाटते, साडेतीन फूट बाय दहा फूट म्हणजे पस्तीस चौरस फूट गेले हे खरंच आहे, पण बदल्यात हॉलला दोन सलग भिंती मिळतात आणि बेडरूमचं दार उघडं राहिलं तरी पाहुण्यांसमोर पसारा येत नाही. पंधरा-वीस फुटांचा अंधारा पॅसेज मात्र नको, टोकाला खिडकी असेल तरच.

आई-बाबांच्या खोलीबद्दल वेगळं सांगतो कारण ते प्लॅनमध्ये नंतर बदलता येत नाही. त्यांच्या टॉयलेटचं दार नेहमीसारखं अडीच फुटाचं नको, तीन फुटाचं करा. व्हीलचेअरला उघड्या दारात निदान ३२ इंच मोकळे लागतात आणि चौकटीची जाडी, पल्ल्याची जाडी धरली की अडीच फुटाच्या दारात तेवढे उरत नाहीत. दार बाहेर उघडणारं ठेवा, आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार त्याच माणसाला अडतं आणि बाहेरच्याला ढकलता येत नाही. व्हीलचेअर जागच्या जागी वळायला पाच फुटांचं वर्तुळ लागतं, ते टॉयलेटमध्ये बसलं नाही तर निदान दाराबाहेर बसू द्या. आज कुणाला गरज नाहीये हे माहितीये. आणि त्यांचा पलंग हॉलच्या टीव्हीच्या भिंतीला चिकटून येत नाहीये ना ते बघा, साडेचार इंची भिंतीतून रात्रीच्या बातम्या स्पष्ट ऐकू जातात.

प्रश्न: जिना कुठे घ्यावा यावरून आमच्याकडे रोज वाद. मिस्टरांना हॉलमधूनच हवाय, दिसायला छान. आर्किटेक्टने अठरा पायऱ्या दाखवल्यात पण ओळखीचे एक जण म्हणाले की पंधरात होतं, जागा वाचेल. जिन्याखाली टॉयलेट काढायचा पण विचार आहे. दोन मजल्यांमधली उंची दहा फूट.

ताई, ओळखीच्यांचं ऐकू नका. दहा फूट म्हणजे १२० इंच, म्हणजे खालच्या फरशीपासून वरच्या फरशीपर्यंत, त्यात स्लॅबची जाडी आलीच. १२० ला पंधराने भागलं तर प्रत्येक पायरी आठ इंच उंच होते, तरुण माणूस चढेल, गुडघे दुखणारा माणूस वर जायचंच बंद करेल. अठराने भागलं तर साधारण पावणेसात इंचाच्या आत बसते, ती बरोबर आहे. याला जुना हिशोब आहे, सतराव्या शतकात फ्रान्समध्ये फ्रांस्वा ब्लोंडेल नावाच्या आर्किटेक्टने मांडलेला, की दोन पायऱ्यांची उंची आणि एका पायरीची रुंदी यांची बेरीज माणसाच्या एका पावलाएवढी यायला हवी. आजच्या मापात ती साधारण २४ ते २५ इंच धरतात. तुमची पायरी अकरा इंच रुंद ठेवली तर बेरीज सव्वाचोवीसच्या आसपास येते, उत्तम. आठ इंची पायरीला तीच बेरीज आणायची तर रुंदी आठ-नऊ इंचावर येते आणि उतरताना टाच मागे घासते.

आता जागा. अठरा चढ, म्हणजे पायरीच्या उभ्या बाजू, असतील तर पाय ठेवायला सतरा पायऱ्या, कारण शेवटचा चढ वरच्या फरशीवरच संपतो. सरळ एका रांगेत घेतला तर सतरा गुणिले अकरा, साडेपंधरा फूट लांबी लागते. मध्ये लँडिंग, म्हणजे वळणावरची सपाट जागा, घेऊन उलटा फिरवला तर प्रत्येक बाजूला आठ पायऱ्या, सव्वासात फुटाच्या वर थोडं, अधिक तीन फुटाचं लँडिंग, म्हणजे साडेदहा फूट धरा, आणि रुंदी तीन-तीन फूट अधिक मधली फट, साडेसहा ते सात. शिवाय पहिल्या पायरीसमोर उभं राहायला तीन फूट मोकळे. हे तीन फूट प्लॅनमध्ये कुणी मोजत नाही आणि मग जिना थेट बाथरूमच्या दारात उतरतो. वळणावर लँडिंगऐवजी तिरक्या पायऱ्या टाकून जागा वाचवा असंही कुणीतरी सुचवेल, नको, आतल्या कोपऱ्यात पाऊल ठेवायला दोन इंचसुद्धा उरत नाहीत आणि वर कपाट न्यायच्या दिवशी सगळ्यांना आठवण येते.

जिन्याखालचं टॉयलेट: लँडिंग अर्ध्या उंचीवर, म्हणजे पाच फुटांवर, त्यातून स्लॅबचे पाच-सहा इंच वजा करा, उरले साडेचार फूट. तिथे उभं राहता येतच नाही. वरच्या टप्प्याखाली जिथे सात फूट उंची मिळते तिथे एखादा बेसिनचा कोपरा बसेल, बाकी जागा सामानाला द्या.

हॉलमधून की बाजूने, ते तुमच्या घरावर आहे. हॉलमधून घेतला तर वर जाणारं प्रत्येक माणूस सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून जातं, मोठी होणारी मुलं असतील तर काही आई-वडिलांना हे हवंच असतं आणि मुलांना अजिबात नको असतं. पण गरम हवा, फोडणीचा वास आणि टीव्हीचा आवाज तिन्ही त्याच वाटेने वर जातात, हे मिस्टरांना सांगा. मध्यम तोडगा म्हणजे जिना हॉलच्या कडेला, वर पोचल्यावर एक दार. आणि एक गोष्ट साइटवर स्वतः मोजा: सगळ्या पायऱ्या सारख्या उंचीच्या आल्या पाहिजेत, विशेषतः पहिली आणि शेवटची, कारण फरशीची जाडी नंतर वाढते आणि तिथे हमखास एक-दीड इंचाचा फरक पडतो. पायाला बाकीच्या पायऱ्यांची सवय झालेली असते आणि माणूस नेमका तिथे अडखळतो.

प्रश्न: मुलं चार आणि सात वर्षांची आहेत. आत्ताच दोन खोल्या काढाव्यात का?

आत्ता एकच मोठी काढा, बारा बाय अठरा वगैरे, पण आतून दोन खोल्यांसारखी: दोन्ही टोकांना खिडकी, दोन्हीकडे लाइट-पंख्याचे वेगळे पॉइंट, आणि दुसऱ्या दारासाठी पॅसेजच्या भिंतीत लिंटेल, म्हणजे दारावरची आडवी काँक्रीटची पट्टी, आधीच टाकून जागा विटांनी बंद करून ठेवायची. मधलं पार्टिशन हलकं येणार आहे हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला आजच सांगा. पाच-सात वर्षांनी लागलं तर टाका, नाही लागलं तर उत्तमच.

प्रश्न: ओपन किचन की बंद? मला ओपन हवंय, सासूबाईंना बंद. प्लीज माझ्या बाजूने उत्तर द्या. किचन आठ बाय अकरा आहे, लहान आहे का?

बाजू घेणार नाही, कारण रोज तिथे कोण किती वेळ उभं राहतं ते तुम्ही लिहिलंच नाहीत. तासन्‌तास उभी राहणारी व्यक्ती सासूबाई असतील तर त्यांचं मत जास्त धरा. ओपन किचनमध्ये काम करताना गप्पा होतात, मुलांवर लक्ष राहतं, हे सगळं खरं, पण मिक्सरचा आवाज, धूर आणि सिंकमधली भांडी पण हॉलमध्येच येतात. चिमणी बसवली की झालं असं नाही, तिचा पाइप आखूड आणि सरळ बाहेर गेला तरच ती ओढते, तीन वळणं घेऊन गेला तर नुसती घरघर. मधे काचेचा सरकता दरवाजा घ्या, फोडणी देताना बंद, एरवी उघडा. दोघींना थोडं थोडं सोडावं लागेल.

आठ बाय अकरा अजिबात लहान नाही. १९२६ मध्ये मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन आर्किटेक्टबाईंनी फ्रँकफर्टच्या घरांसाठी जे किचन डिझाइन केलं, ज्यावरून पुढे सगळी मॉड्युलर किचन आली, ते जेमतेम सव्वासहा बाय सव्वाअकरा फूट होतं. किचनमध्ये प्रश्न जागेपेक्षा क्रमाचा असतो. फ्रिज, सिंक, गॅस या तिघांना जोडणारा त्रिकोण काढा, एकेक बाजू चार ते नऊ फूट आणि तिन्ही मिळून १३ ते २६ फूट, हा नियम तुम्हाला सगळीकडे भेटेल, १९४०च्या दशकात अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात यावर काम झालं होतं. नियम चांगलाय पण तो एकट्याने स्वयंपाक करणाऱ्या माणसासाठी आहे. तुमच्याकडे दोघी असणार, मग मला त्रिकोणापेक्षा दोन गोष्टी जास्त महत्त्वाच्या वाटतात, सिंक आणि गॅसच्या मध्ये निदान तीन फूट ओटा मोकळा, आणि समोरासमोर दोन ओटे असतील तर मध्ये चार फूट, म्हणजे एक वाकली तरी दुसरी मागून जाऊ शकते. आठ फुटात दोन ओट्यांचे दोन-दोन फूट गेले की बरोबर चार उरतात, बघा.

फ्रिज कोपऱ्यात भिंतीला चिकटवू नका, दार नव्वद अंशापलीकडे उघडलं नाही तर आतले भाजीचे ट्रे बाहेर निघत नाहीत. चार-पाच इंचाची फट सोडा. ओट्याची उंची "स्टँडर्ड" म्हणून ठरवू देऊ नका, उभं राहून कोपर वाकवा आणि त्याच्या खाली साधारण चार इंच. सासूबाई आणि तुमच्या उंचीत खूप फरक असेल तर गॅसचा भाग थोडा खाली घेता येतो.

प्रश्न: वरच्या मजल्यावर माझी बेडरूम पुढच्या बाजूला हवीये, अटॅच्ड टॉयलेटसकट. आर्किटेक्ट म्हणतो टॉयलेटवरच टॉयलेट घ्या, म्हणजे मागे. त्याचं काम सोपं व्हावं म्हणून म्हणतोय का?

नाही हो, तुमचाच त्रास वाचवतोय. कमोडचा पाइप चार इंची आणि त्याला उतार लागतो, साधारण चाळीस इंचाला एक इंच. शाफ्टपासून, म्हणजे पाइप वर-खाली नेणाऱ्या उभ्या मोकळ्या जागेपासून, दहा फूट लांब कमोड नेला तर तीन इंच उतार झाला, त्यात पाइपची जाडी आणि वळणं धरा, म्हणजे स्लॅब खाली घ्यावा लागणार किंवा खालच्या खोलीत फॉल्स सीलिंग. खाली तुमचा हॉल आहे असं दिसतंय. रात्री कुणी फ्लश केला की हॉलमध्ये बसलेल्यांना कळेल, आणि कधी ना कधी गळलं तर ते सोफ्यावर गळेल. बेडरूम पुढे घ्या ना, टॉयलेट तिच्या मागच्या टोकाला शाफ्टपाशी येऊ द्या, मध्ये कपड्यांची छोटी जागा काढा, त्यात काय बिघडलं. शाफ्टमध्ये प्लंबर शिरू शकेल एवढी रुंदी आणि आत जायला दार ठेवलंय का तेवढं मात्र विचारा.

प्रश्न: पश्चिमेला पूर्ण काचेची भिंत दाखवलीये, थ्रीडीमध्ये फार सुंदर दिसतंय.

थ्रीडीमध्ये ऊन लागत नाही. दुपारनंतरचं पश्चिमेचं ऊन खालून तिरकं येतं, कुठल्याही देशात, त्यामुळे वर कितीही मोठं छज्जं काढलंत तरी ते छज्ज्याखालून सरळ आत शिरतं. त्याला अडवायला उभ्या पट्ट्या, जाळी किंवा झाड लागतं, आणि काचेच्या बाहेरच्या बाजूला, आतला पडदा उशिरा अडवतो, उष्णता तोवर घरात आलेली असते. तुम्हाला संध्याकाळचा व्ह्यू हवा असेल तर एक खिडकी ठेवा आणि ती भिंत जिना, टॉयलेट, स्टोअर यांना देऊन टाका. वारा खेळायला खोलीत दोन खिडक्या हव्यात, समोरासमोर किंवा निदान लगतच्या भिंतीत, नाहीतर आलेला वारा जाणार कुठे. उजेडाचं ढोबळ माप असं की तो खिडकीच्या वरच्या कडेच्या उंचीच्या दुप्पट-अडीचपट आत पोचतो, सात फुटांवर कड असेल तर चौदा-सतरा फूट. वीस फूट खोल हॉलला एकाच बाजूला काच लावलीत तर ती कितीही मोठी असो, मागचा भाग दिवसा लाइट लावूनच वापराल.

प्रश्न: काम सुरू होतंय आणि बायको म्हणते किचनची भिंत दोन फूट सरकवा. कधीपर्यंत बदल करता येतात?

पाया खोदायच्या आधी काहीही. एकदा कॉलमचे खड्डे पडले की कॉलम हलत नाहीत. कॉलम-बीमचं स्ट्रक्चर असेल तर मधल्या विटांच्या भिंती त्यानंतरही सरकवता येतात, पण भिंत बीमवरून सुटून मोकळ्या स्लॅबवर येत असेल तर इंजिनिअरला विचारूनच, आणि भिंतींवरच भार असलेलं बांधकाम असेल तर भिंत म्हणजेच खांब, तिला हात लावायचा नाही. स्लॅब टाकायच्या आधी पाइपांसाठी भोकं कुठे सोडायची ते ठरलेलं हवं, सिंक त्याच वेळी पक्कं होतं.

दोन फुटांचा वाद मिटवायला सोपा उपाय सांगतो. प्लॉटवर फक्कीने किचन खऱ्या मापात आखा, ओटा, फ्रिज, दार सगळं, आणि बायकोला त्यात उभं करा, दोन खुर्च्या नेऊन ठेवा, फ्रिजच्या दाराचा अर्धगोलही आखा. एक लक्षात ठेवा, उघड्या जमिनीवर आखलेली खोली नेहमी लहानच दिसते, भिंती उभ्या राहिल्या की मोठी वाटायला लागते, त्यामुळे नुसतं बघून घाबरू नका, टेपने मोजा. भिंती झाल्या की प्लास्टरच्या आधी स्विच आणि प्लगचे पॉइंट खडूने भिंतीवर काढून घ्या, बेडच्या दोन्ही बाजूंचे आणि ओट्यावरचे आधी, आणि वायरिंग-प्लंबिंगचे पाइप टाकून झाले की प्रत्येक भिंतीला मोजायचा टेप लावून फोटो काढून ठेवा, पुढे खिळा ठोकताना ते फोटो शोधावे लागतात.